उधन्याच्या शेवटच्या नळापर्यंत

सुरतेच्या उधना भागात नळाला जे पाणी येते, ते बरेचसे खानदेशातून वाहत आलेले असते. तापी बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावते, बऱ्हाणपूरवरून जळगाव जिल्ह्यात शिरते, चांगदेवला पूर्णेला सोबत घेते आणि भुसावळजवळ हतनूरच्या धरणात जरा थांबते. पुढे सारंगखेडा, प्रकाशा ओलांडून ती गुजरातेत उतरते. ७२४ किलोमीटरच्या या नदीच्या खोऱ्याचा सुमारे ७९ टक्के भाग महाराष्ट्रात आहे. १९७२ मध्ये पूर्ण झालेले उकाई धरण आणि १९५४ चा काकरापारचा बंधारा पार करून ती सुरतेला पोहोचते, तेव्हा तिच्यात आपल्या अनेक गावांचे पावसाचे पाणी असते आणि सांडपाणीही.

माणसेही याच वाटेने आली. उधना ते जळगाव हा लोहमार्ग नदीच्या खोऱ्यातूनच जातो. जळगाव, धुळे, नंदुरबारची कुटुंबे या मार्गाने लूमच्या कारखान्यांत आणि डाइंग-प्रिंटिंगच्या मिलांत कामाला आली आणि उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा भागांत स्थायिक झाली. सुरत महानगरपालिका आजही मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, यावरून ही वस्ती किती मोठी आहे ते कळावे. उधना ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात येते, तिथले खासदार सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले, आणि जून २०२४ मध्ये ते देशाचे जलशक्ती मंत्री झाले. पाण्याच्या शुद्धतेचा राष्ट्रीय प्रश्न पाहायला उधन्याइतकी योग्य जागा दुसरी कुठली असेल, असे मला वाटत नाही. प्रश्न असा आहे: पाणी किती शुद्ध हवे हे दिल्लीत ठरते, ते शुद्ध करायचे काम महापालिकेचे, मग त्या दोहोंच्या मधला खर्च कोण भरते?

आधी मोजमाप पाहू. भारतात पिण्याच्या पाण्याचे मानक भारतीय मानक ब्युरोचे आहे, आयएस १०५००. सध्याची आवृत्ती २०१२ ची आहे. त्यात बऱ्याच घटकांना दोन मर्यादा दिल्या आहेत. एक स्वीकारार्ह, आणि दुसरी पर्यायी स्रोत नसेल तेव्हा चालवून घेण्याची. गढूळपणा १ एकक असावा, नाइलाजाने ५ पर्यंत चालेल. विरघळलेले क्षार, म्हणजे ज्याला सगळे टीडीएस म्हणतात, लिटरमागे ५०० मिलिग्रॅम असावेत, नाइलाजाने २०००. फ्लोराइड १, नाइलाजाने १.५. काही बाबतींत मात्र सवलत अजिबात नाही. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, शिसे ०.०१ च्या वर नको, आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू सापडताच कामा नये. नळाच्या पाण्यात मोकळे क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेले असावे. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल, तर ते किमान ०.५ असावे.

या मानकाचा एक कच्चा दुवा लोकांना ठाऊक नसतो. महापालिकेच्या नळाला ते कायद्याने सक्तीचे नाही. सीलबंद बाटलीतले पाणी अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली येते, तिथे मानक मोडले तर परवाना जाऊ शकतो. रोज लाखो लोक जे पितात, त्या नळाच्या पाण्याला मात्र हा आकडा मार्गदर्शक म्हणून लागू होतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री रामविलास पासवान यांनी दिल्लीसह राज्यांच्या राजधान्यांतल्या नळांची तपासणी जाहीर केली. मुंबईचे दहाही नमुने निकषांत बसले आणि दिल्लीचे अकराही नापास झाले. त्यावर बरेच राजकारण झाले, पण कोणत्याही पालिकेवर कारवाई झाली नाही, कारण करण्याजोगा कायदाच नव्हता.

आता सुरतेत पाणी कसे तयार होते ते पाहू, कारण खर्चाची मुळे तिथे आहेत. तापीच्या मुखाजवळ भरतीचे खारे पाणी आत शिरते. ते अडवून वर गोडे पाणी साठवण्यासाठी सिंगणपूरला १९९५ मध्ये बंधारा-कम-पूल झाला. त्याने शहराला हक्काची साठवण मिळाली, पण वाहती नदी त्या पट्ट्यात तळ्यासारखी स्थिर झाली. उन्हाळ्यात पाणी थांबले की शेवाळ वाढते, जलपर्णी पसरते, तळाशी गाळ बसतो आणि आजूबाजूची गटारे झिरपली की अमोनिया चढतो. अमोनियाची मर्यादा ०.५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली की क्लोरीनचा खर्च एकदम उसळतो, कारण १ मिलिग्रॅम अमोनिया ८ ते १० मिलिग्रॅम क्लोरीन खाऊन टाकतो आणि त्यानंतरच जंतू मारायला काही उरते. जास्त क्लोरीन शेवाळाच्या सेंद्रिय अंशाशी मिसळले की क्लोरोफॉर्मसारखी घातक द्रव्ये तयार होतात, आणि त्यांचीही मर्यादा मानकात आहे, क्लोरोफॉर्मची ०.२ मिलिग्रॅम. म्हणजे एका निकषाला सांभाळायला जावे तर दुसरा निसटतो. अशा वेळी पालिका उकाईतून पाणी सोडायची मागणी करते, नदी थोडी वाहती होते आणि जलशुद्धीकरण केंद्रातल्या रसायनज्ञाला श्वास घेता येतो.

सुरतेत पाणी उचलण्याची जुनी आणि हुशार पद्धत म्हणजे फ्रेंच वेल. नदीपात्रातल्या वाळूत खोल विहीर घ्यायची आणि तिच्या तळाकडून वाळूच्या थरात चहूबाजूंना आडवे जाळीदार पाइप सोडायचे. पाणी वाळूतून गाळूनच विहिरीत येते, निम्मे काम निसर्ग करून देतो. पण वरच्या पात्रात गाळ साचला की वाळूची छिद्रे बुजतात आणि विहीर कमी पाणी देऊ लागते. मग नदीतून थेट उपसलेल्या पाण्यावर भिस्त वाढते, आणि जे काम वाळू फुकट करत होती ते यंत्राने आणि रसायनाने करावे लागते. नदीचे बिघडणे पालिकेच्या अंदाजपत्रकात उतरते ते असे.

सरथाणा, कतारगाम, रांदेर इथल्या केंद्रांत पुढचे टप्पे ठरलेले आहेत. पाणी पायऱ्यांवरून उडवून हवेशी मिसळायचे, क्लोरीनचा पहिला डोस द्यायचा, तुरटी किंवा पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड घालून जोरात ढवळायचे. मग मोठ्या गोल टाक्यांत हळूहळू फिरवून गाळाचे गोळे होऊ द्यायचे आणि ते तळाशी बसू द्यायचे. वरचे निवळ पाणी वाळूच्या गाळण्यांतून जाते, शेवटी पुन्हा क्लोरीन. रसायन किती घालायचे ते प्रयोगशाळेत काचेच्या सहा पात्रांत रोज ठरवतात, कारण पावसाळ्यातली तापी आणि मे महिन्यातली तापी या दोन वेगळ्या नद्या आहेत.

याचा हिशोब कागदावर मांडून पाहावा. समजा एक केंद्र दिवसाला १० कोटी लिटर पाणी शुद्ध करते. लिटरमागे ३० मिलिग्रॅम तुरटी धरली, तर रोज ३ टन तुरटी लागते. लिटरमागे ३ मिलिग्रॅम क्लोरीन धरले, तर रोज ३०० किलो, म्हणजे ९०० किलोची टाकी तीन दिवसांत संपते. ही रसायने महाग वाटतात, पण खरा भार विजेचा आहे. एक हजार लिटर पाणी ४० मीटर उंच चढवायला, पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर सुमारे ०.१५६ युनिट वीज लागते. १० कोटी लिटरला रोज साडेपंधरा हजार युनिट झाली. ७ रुपये दराने दिवसाला लाखभर रुपये, वर्षाला ४ कोटी. हे एकदाच उचलण्याचे. प्रत्यक्षात पाणी नदीतून केंद्रात, केंद्रातून वितरण केंद्रावर, तिथून उंच टाकीत असे दोन-तीनदा चढते, आणि सुरतेची गरज दहा कोटी लिटरच्या दसपटीहून अधिक आहे.

एवढा खर्च पाहिल्यावर कोणालाही वाटेल, निकष थोडे सैल केले तर? सैल निकषांचे काय होते हे आपल्याला पुस्तकात शोधायला नको. नोव्हेंबर १९५५ मध्ये दिल्लीत नजफगढ नाल्याचे सांडपाणी वजिराबादच्या पाणी उपशापर्यंत पोहोचले. अभियंत्यांनी क्लोरीन वाढवले. जंतूंच्या चाचण्या बऱ्यापैकी ठीक येत राहिल्या, आणि काही आठवड्यांत २९ हजारांहून अधिक लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ई या विषाणूची होती, हे पुढे जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून सिद्ध झाले. जंतू मेले होते, विषाणू तगला होता. गढूळ पाण्यात विषाणू मातीच्या कणांच्या आड सुरक्षित राहतो, म्हणून १ एकक गढूळपणाचा आकडा केवळ पाणी स्वच्छ दिसावे म्हणून नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत पंचगंगेच्या पाण्याने काविळीची मोठी साथ आली, हजारो लोक आजारी पडले आणि माणसे दगावली. इचलकरंजी हे यंत्रमागांचे गाव आहे, उधन्यासारखेच. तिथले मागवाले आणि इथले लूमवाले एकाच प्रकारचे जीवन जगतात: दाट वस्ती, भाड्याच्या खोल्या, बारा तासांची पाळी आणि नदीवर अवलंबून असलेला नळ.

सुरतेने स्वतःची किंमत १९९४ च्या सप्टेंबरमध्ये मोजली. प्लेगच्या भीतीने लाखो लोक शहर सोडून गेले, गावोगावी परतलेल्या खानदेशी कुटुंबांना ते दिवस अजून आठवतात. प्लेग पाण्यातून पसरत नाही, पण त्या साथीने शहराच्या गटारांची, कचऱ्याची आणि पालिकेच्या कारभाराची अवस्था देशासमोर उघडी केली. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी अधिकार झोनवार वाटले, अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरायला लावले. सुरतेच्या आजच्या पाणी व्यवस्थेची शिस्त त्या काळातली आहे, आणि तिला दाद दिलीच पाहिजे.

तरीही शुद्धीकरण केंद्राच्या दारातून निघालेले पाणी आणि उधन्याच्या गल्लीतले पाणी एकच नसते. मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट हीच. आपल्याकडे बहुतेक शहरांत पाणी दिवसातून काही तास येते. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होतो, आत दाब राहत नाही. बाहेर जमिनीत गटाराचे झिरपलेले पाणी असते, ते सांध्यांतल्या फटींतून आत शिरते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले की ती घाण पहिल्या बादलीत येते. म्हणून सुरुवातीचे गढूळ पाणी ओतून टाकायची सवय सगळ्यांना आहे. त्यातच कुणी थेट लाइनला मोटर लावून पाणी ओढतो, दाब आणखी खाली जातो आणि शेजारच्या घराबरोबर गटारही ओढले जाते. उरलेले ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन या प्रवासातच खर्च होते. पुढे सोसायटीची जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, मग खोलीतला माठ. या टाक्यांची मालकी पालिकेची नाही, त्यामुळे त्यांचा निकषही कोणी पाहत नाही.

म्हणून निकष पाळण्याचा खरा खर्च रसायनात किंवा गाळण्यांत कमी आणि पाइपात जास्त आहे. चोवीस तास दाबाखाली पाणी ठेवायचे, तर जुन्या लाइन बदलाव्या लागतात, शहराचे छोटे छोटे विभाग करून प्रत्येकाला मीटर लावावा लागतो, गळती शोधावी लागते. पुण्याने याच कामासाठी जून २०१७ मध्ये २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे ७.५९ टक्के व्याजाने काढले. कऱ्हाडजवळच्या मलकापूरसारख्या लहान नगरपंचायतीने मीटर आणि टप्प्याटप्प्याचे दर लावून चोवीस तास पाणी करून दाखवले होते. ते लहान होते म्हणून जमले असे म्हणतात, पण मीटर लावण्याचे धैर्य हे काही लोकसंख्येवर ठरत नाही.

पैसा कुठून येतो? पाणीपुरवठा हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. पुणे आणि सुरत दोन्ही मुळात १९४९ च्या एकाच मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायद्याच्या मुलुखातली शहरे, दोन्हीकडे ते कर्तव्य तसेच उरले. उत्पन्न मात्र तसे उरले नाही. गुजरातेत महापालिकांची जकात नोव्हेंबर २००७ मध्ये बंद झाली. महाराष्ट्रात जकात आणि स्थानिक संस्था कराचा शेवट जीएसटीबरोबर जुलै २०१७ मध्ये झाला. आता मोठा भाग राज्याच्या भरपाईवर आणि केंद्राच्या योजनांवर चालतो: आधी नेहरू नागरी पुनरुत्थान योजना, मग अमृत, मग अमृत २. या योजना केंद्रे आणि टाक्या बांधायला पैसे देतात. रोजची वीज, तुरटी, वाळू बदलणे, फुटलेला पाइप जोडणे यांना उद्घाटन नसते, आणि त्यांना पैसेही नसतात. पाणीपट्टी वाढवायची म्हटली की सभागृहात सगळे पक्ष एकत्र येऊन नको म्हणतात.

यातून शहर वाढत जाते तसा ताणही वाढतो. २००६ मध्ये सुरतेची हद्द ३२६ चौरस किलोमीटरपर्यंत गेली, २०२० मध्ये आणखी पसरली. लोकसंख्या २००१ मध्ये २४ लाख होती, २०११ मध्ये ४४ लाख झाली. हद्द एका अधिसूचनेने वाढते, पाइप मात्र वर्षानुवर्षे टाकावा लागतो. पुण्यात याचा अर्थ जानेवारी २०२५ मध्ये कळला. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गिया-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. नव्याने पालिकेत आलेल्या काही गावांना विहिरीचे पाणी केवळ क्लोरीन टाकून मिळत होते, गाळण्याचे केंद्र तिथवर पोहोचलेच नव्हते. खानदेशातल्या ग्रामपंचायतींची गोष्ट याहून कठीण. तिथे शुद्धीकरण म्हणजे विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, आणि पावडर उघडी पडून तिच्यातले क्लोरीन उडून गेले की विहिरीत पडतो तो नुसता चुना. लाल, पिवळे, हिरवे कार्ड देऊन जिल्हा परिषद धोका दाखवते, पण लाल कार्ड मिळालेल्या पंचायतीकडे गाळणी बांधायला पैसे कुठून यायचे? हा पेच श्रीमंत देशांनाही चुकलेला नाही. अमेरिकेने २००१ मध्ये आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमवरून १० वर आणली, तेव्हा सर्वांत जास्त ओरड लहान गावांनी केली, कारण घरे थोडी आणि यंत्रणा तेवढीच महाग.

खर्च टाळला तरी तो नाहीसा होत नाही, तो खिशात उतरतो. उधन्याच्या गल्ल्यांत सकाळी थंड पाण्याचे जार वाटत फिरणारे टेम्पो पाहा. २० लिटरचा जार २५ रुपयांना धरला, तर हजार लिटरला १२५० रुपये झाले. पाच जणांच्या घरात रोज एक जार लागला, तर महिन्याला ७५० आणि वर्षाला ९ हजार. लूमवर काम करणाऱ्याच्या पगारातला हा मोठा तुकडा आहे, आणि असा जार सीलबंद बाटलीसारखा तपासला जाईलच असे नाही. जारवाला टीडीएसचा आकडा दाखवतो, कधी पाण्यात विजेचे दांडे बुडवून तपकिरी गाळ काढून दाखवतो. तो गाळ पाण्यातला कमी आणि दांड्याच्या लोखंडाचा जास्त असतो. टीडीएस मीटर जंतू मोजतच नाही. बोअरचे खारे पाणी असेल तर आरओ उपयोगी, पण तापीच्या गोड्या पाण्यातला क्षार सहसा मर्यादेत असतो. तिथे धोका क्षाराचा नसून शेवटच्या पाइपाचा आहे, आणि आरओ एका लिटरला दोन-तीन लिटर गटारात सोडते.

एका बाबतीत मात्र सुरतेने रस्ता दाखवला. पांडेसऱ्याच्या मिलांना पाणी प्रचंड लागते. बमरोलीला २०१४ पासून सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करून रोज ४ कोटी लिटरपर्यंत पाणी या मिलांना विकण्याची सोय झाली. मिलांना खात्रीचे पाणी मिळते, पालिकेला पैसे मिळतात आणि तेवढे गोडे पाणी नळासाठी वाचते. उद्योगाने पुरे पैसे मोजावे आणि त्यातून वस्तीच्या नळाचा भार हलका व्हावा, हे सूत्र मला पाणीपट्टीच्या कोणत्याही वादापेक्षा न्याय्य वाटते. इचलकरंजीसारख्या प्रत्येक कापड गावाने ते तपासून पाहावे.

पण त्याआधी एक स्वस्त काम आहे. शेवटच्या टोकाच्या नळावर क्लोरीन आहे की नाही हे थेंबभर ऑर्थोटोलिडीनने मिनिटात कळते, पाणी पिवळे झाले तर आहे. जंतूंची तपासणी दुसऱ्या दिवशीपर्यंत होते. उधना झोन कार्यालयाच्या फलकावर दर आठवड्याला गल्लीचे नाव, तारीख, क्लोरीनचा आकडा आणि ई. कोलाय सापडला की नाही एवढे चार रकाने गुजराती, मराठी, हिंदी आणि ओडियात लागावेत. नमुने केंद्राच्या दारातून न घेता, टाकीपासून सर्वांत लांबच्या घरांतून, पाणी सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांत घ्यावेत. मग कुठल्या गल्लीचा पाइप आधी बदलायचा, हे नगरसेवकाच्या वजनावर ठरणार नाही, आकड्यावर ठरेल, आणि अमृतचा पुढचा हप्ता नव्या टाकीला द्यायचा की जुन्या लाइनला, याचे उत्तरही त्याच फलकावर असेल.